ऋण, क्षमा आणि कृपा



आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. मनुष्याच्या हातून पाप घडते, त्या पापाचे ओझे त्याच्यावर राहते, आणि ते ओझे उतरावयाचे कसे, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने काय उत्तर दिले आहे, याचा विचार आपणांस करावयाचा आहे. आम्ही येथे धर्मप्रसारासाठी उभे नाही, आणि खंडनमंडनासाठीही नाही. या सभेत ख्रिस्ती मंडळी थोडी असतील. हिंदू आणि बौद्ध पुष्कळ असतील. परंतु अपराध सर्वांच्याच हातून होतात आणि क्षमा सर्वांनाच हवी असते. म्हणून दुसऱ्याच्या घरात या दुखण्यावर काय औषध आहे, हे पाहण्यास हरकत नसावी.

हा विचार ख्रिस्ती ग्रंथांत ज्या भाषेत मांडला आहे ती भाषा आपल्या ओळखीची आहे. ती कर्जाची भाषा आहे. ख्रिस्ती लोक नित्य जी प्रार्थना म्हणतात, ती येशूने आपल्या शिष्यांना शिकविली असे मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आले आहे. तिच्यात क्षमेची जी याचना आहे, तेथे मराठी बायबलाने ‘ऋण’ हाच शब्द योजला आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच ठिकाणी ‘पाप’ असा शब्द येतो. हा भेद का पडला? येशूची बोली अरामी होती आणि त्या बोलीत ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालत असे. पाप केले म्हणजे कोणाचे तरी देणे लागलो, असा त्या शब्दाचा भाव.

धानाच्या या मुलखात देणे म्हणजे काय हे आम्ही समजावून सांगावे असे नाही. सवाई-दिढीची रीत येथील वडीलधाऱ्यांच्या कानांवरून गेलेली आहे. पेरणीला एक खंडी धान उचलावे आणि सुगीला दीड खंडी घालावे. एखाद्या वर्षी पाऊस रुसला, तलाव भरला नाही, म्हणजे दीड खंडी अंगावर बसावी आणि पुढल्या वर्षी तिच्यावर पुन्हा दिढी चढावी. असे कर्ज घामाने फिटत नाही. आणि कर्ज नुसते धान्याचे वा पैशाचे नसते. समोरून धनको येताना दिसला की ऋणको वाट बदलतो. त्याची मान खाली जाते, घरात भांडण होते, झोप उडते. अपराधाचेही तसेच आहे. ज्याचे आपण वाईट केले त्याच्या घरावरून जाताना पाय आपोआप झपझप पडू लागतात.

ऋणाची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे की ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो. ऋषींचे ऋण अध्ययनाने फेडावे, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. ही ऋणे मोठी खरी, पण ती फिटण्यासारखी आहेत. येशूने ज्या ऋणाची गोष्ट सांगितली ते मात्र फिटण्यासारखे नाही. फरक आहे तो येथे.

ती गोष्ट मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात आहे. एका राजाने आपल्या सेवकांचा हिशेब घेतला. एकाकडे दहा हजार तालांत निघाले. तो पाया पडला, मुदत मागू लागला. राजाला दया आली आणि त्याने सारेच देणे सोडून दिले. तोच सेवक बाहेर पडला तो त्याला त्याचा सोबती भेटला. सोबत्याकडे याचे शंभर दिनार येणे होते. याने त्याची मानगूट धरली आणि त्याला तुरुंगात घातले. राजाला हे कळले. त्याने सेवकाला परत बोलावले आणि दिलेली माफी फिरवली.

आता हिशेब करून पाहू. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांतात सहा हजार दिनार. म्हणजे सेवकाचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे राबावे लागेल! योसेफस हा इतिहासकार सांगतो की गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून हेरोद अंतिपास याला वर्षाकाठी दोनशे तालांत महसूल मिळे. येशू याच गालीलचा. ऐकणाऱ्यांना त्या आकड्याचा अर्थ तत्काळ कळला असेल. आपल्या सबंध मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका माणसाच्या डोक्यावर! आणि हा माणूस म्हणतो, थोडी मुदत द्या, मी फेडतो. त्याच्या पापाहून त्याचा हा भ्रम मोठा आहे. सोबत्याचे शंभर दिनार ही काही थट्टा नव्हे. शंभर दिवसांची मजुरी गरिबाला जड असते. येशूने ती रक्कम क्षुल्लक म्हटलेली नाही. फक्त सहा लाखांस एक हे प्रमाण त्याने ऐकणाऱ्यासमोर ठेवले आहे.

न फिटणाऱ्या कर्जाचे करावयाचे काय? आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर १८७५ सालचे. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत तेच घडले. शेतकऱ्यांचा डोळा मुख्यतः सावकाराच्या खतांवर होता. खते हिसकावली आणि जाळली. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. त्या शेतकऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. अन्यायाचे खत जाळावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खत ऋणकोने जाळले म्हणजे धनकोच्या मनातील आकडा जळत नाही. दोघांमध्ये पूर्वी कर्ज होते, आता वैर येते.

दुसरे उत्तर देहूचे आहे. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. परंपरा सांगते की वैराग्य आल्यावर त्यांनी घरातील खते बाहेर काढली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याचा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. येथे खत नाहीसे करणारा हात ऋणकोचा नाही, धनकोचा आहे. म्हणून ते खरोखर नाहीसे झाले. आणि आणखी एक गोष्ट पाहा. तुकोबांनी भावाचा वाटा बुडविला नाही. दुसऱ्याच्या येण्यावर उदार होण्याचा अधिकार कोणालाच नसतो. आपले जे येणे असेल तेवढेच आपणांस सोडता येते.

तुकोबांच्या कृतीत क्षमेचे सगळे व्याकरण आले आहे. ऋण सोडण्याचा अधिकार फक्त धनकोचा. आणि सोडले म्हणजे नुकसान संपले असे नाही, ते धनकोने आपल्या अंगावर घेतले. कर्जमाफीच्या गोष्टी आपण २००८ साली ऐकल्या, २०१७ साली ऐकल्या, २०१९ साली ऐकल्या. माफी झाली म्हणजे ते पैसे हवेत विरले काय? बँकांना ते सरकारी तिजोरीतून मिळाले आणि तिजोरी करांतून भरली. फुकटची माफी जगात नाही. घेणाऱ्याला ती फुकट मिळते, परंतु कोणीतरी ती भरलेली असते.

ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा येथूनच समजते. संत पौलाच्या नावाने असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात वधस्तंभाचे वर्णन करताना खताचाच दाखला आला आहे. तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ, ऋणकोने स्वहस्ते लिहून दिलेला कागद. मनुष्याने आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध लिहिलेले ते खत देवाने रद्द केले आणि खिळ्यांनी वधस्तंभाला ठोकले, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे ख्रिस्ती माणूस असे मानतो की देव हा धनको आहे, त्याने ऋण सोडले, आणि सोडण्याची किंमत ख्रिस्ताच्या मरणात त्याने स्वतः सोसली. यालाच तो कृपा म्हणतो. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा भाव होता. इंद्रायणीत खते बुडविणाऱ्याच्या पुलावरून खते ठोकणाऱ्याकडे जाणे त्यांना अवघड गेले नसावे.

ही किंमत नेमकी कशी भरली गेली, याविषयी ख्रिस्ती पंडितांतही एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या धर्माचार्याने असे मांडले की मनुष्याने देवाचा मान हिरावला. त्याची भरपाई मनुष्यानेच करावयास हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य देवावाचून कोणात नाही. म्हणून देवाला मनुष्य व्हावे लागले. पुढच्या पिढीतील आबेलार याला हा हिशेबी विचार रुचला नाही. त्याच्या मते ख्रिस्ताचे मरण हे प्रेमाचे दर्शन आहे. ते पाहून मनुष्याचे कठीण हृदय पाझरते आणि तीच त्याची सुटका. एक वहीकडे पाहतो, दुसरा माणसाकडे पाहतो. आम्हांस वाटते, दोन्ही पाहणे अवश्य आहे.

कृपेचाही बाजार मांडता येतो, हे इतिहासाने दाखविले. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात. म्हणजे पुन्हा कागदच! १५१७ साली मार्टिन लूथरने याविरुद्ध पंचाण्णव कलमे मांडली. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने आणि विश्वासाने, विकत घेतलेल्या पुण्याने नव्हे, हा त्याचा सिद्धांत पुढे आला. या वादातून युरोपात पंथ फुटले आणि रक्तही सांडले. १९९९ साली लूथरपंथी आणि कॅथलिक यांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि या तत्त्वाच्या गाभ्याविषयी आपले एकमत आहे असे जाहीर केले. मधे ४८२ वर्षे गेली. क्षमेविषयीचे भांडण मिटविण्यास इतका काळ लागावा, यावरून क्षमा किती कठीण आहे ते दिसते.

आता हा सिद्धांत एका मराठी आयुष्यात कसा उतरला ते पाहू. पंडिता रमाबाई यांचे नाव आपण सर्व जाणता. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत सबंध देशभर हिंडले. देवांनी प्रसन्न व्हावे म्हणून व्रते झाली, दाने झाली, जवळचे द्रव्य संपले. दुष्काळात १८७४ साली आई आणि वडील दोघेही गेले. रमाबाईंनी पुढे आपली कहाणी सांगताना या दिवसांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना देवाचे देणे फेडण्यासाठी हे घर किती झिजले हे दिसून येते.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी त्यांनी लंडनमधील फुलम येथील एक घर पाहिले होते. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी आश्रय देत, त्यांची शुश्रूषा करीत. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांची सेवा कोणी का करावी? भगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. परंतु मौज अशी की धर्म घेऊनही त्यांचे समाधान झाले नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून आले, की आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही. म्हणजे त्या अजूनही नियम, आचार आणि प्रयत्न यांनी देणे फेडू पाहत होत्या. तारण हे कमवावयाचे नसून घ्यावयाचे आहे, हे उमगले तेव्हा त्यांना विश्रांती मिळाली.

आणि त्या विश्रांतीने त्या स्वस्थ बसल्या काय? त्यांचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्यप्रांतात आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना व विधवांना घेऊन गेल्या. केडगावला जी वस्ती उभी राहिली तिचे नाव ‘मुक्ती’, आणि तेथे पतित म्हटलेल्या स्त्रियांसाठी जे घर झाले त्याचे नाव ‘कृपासदन’. फुलमला जे पाहिले ते केडगावला उभे राहिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी एकहाती केले आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. जो फेडीसाठी राबतो तो थकतो. ज्याचे देणे सुटले आहे तो कृतज्ञतेने राबतो आणि त्याचा थकवा वेगळा असतो. कर्ज संपले म्हणून काम संपत नाही. कामाचे कारण बदलते.

या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या शारदासदनात मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते, यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. त्या वादाचा निकाल लावण्यास आम्ही बसलो नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न ख्रिस्ती मंडळींनी आणि इतरांनीही मनाशी धरावा. दुष्काळात दिलेली भाकर, आजारात दिलेले औषध, शाळेत दिलेली पाटी, यांच्या मागे काही मागणे लपलेले असेल तर ती कृपा नव्हे. ते गोड अक्षरात लिहिलेले खत होय. कृपा तीच, जी परतफेडीकडे डोळा ठेवीत नाही.

आता दोन आक्षेप. पहिला या जिल्ह्यात घेतलाच पाहिजे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्यांनी बुद्धाविषयी एक महत्त्वाचा भेद सांगितला आहे. बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे. आपली सुटका आपणच करावयाची, कोणाच्या कृपेने ती व्हावयाची नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याच्या दयेवर जगावयास लावले, त्याने दयेचा शब्द ऐकताच सावध व्हावे हे योग्यच आहे. या आक्षेपाला ख्रिस्ती मनुष्य काय म्हणेल? तो म्हणेल की ही कृपा मालकाने गड्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, कारण तिच्यात मालक स्वतः गड्याच्या जागी आला आणि गड्याचे मरण मेला. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही आणि पटविणे हे आमचे काम नाही. परंतु बाबासाहेबांच्या आक्षेपाने कृपेला एक कसोटी लावून दिली आहे. जी कृपा घेणाऱ्याला ताठ उभे करीत नाही, वाकवूनच ठेवते, ती खोटी.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. एखाद्याने खोट्या खतावर गरिबाची बांधी गिळली. पुढे तो मंदिरात, चर्चमध्ये वा विहारात गेला, रडला, आणि आपले पाप धुतले गेले असे त्याला वाटले. ठीक. पण ज्याची बांधी गेली त्याच्या हाती काय पडले? देवाने आपले ऋण सोडले असेल. त्या कुणब्याचे ऋण देवाने कोणत्या अधिकाराने सोडावे? तुकोबांनी भावाचा वाटा बुडविला नव्हता, हे येथे आठवावे.

या आक्षेपाला उत्तर लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. यरीहो गावी जक्कय नावाचा जकातदारांचा मुख्य होता. लोकांना नाडून तो श्रीमंत झालेला. येशू त्या गावात आला आणि शेकडो सज्जनांना सोडून त्याच्याच घरी उतरला. आधी भरपाई कर, मग जेवावयास येतो, असे तो म्हणाला नाही. आधी घरी गेला. आणि मग जक्कय आपण होऊन उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करतो, असे त्याने सांगितले. हा क्रम ध्यानात घ्यावा. कृपा आधी आली, भरपाई मागून. भरपाई ही कृपेची किंमत नव्हती, तिचे फळ होते. पण फळ आले. ज्या झाडाला ते येत नाही तेथे कृपेचे बी रुजलेच नाही असे समजावे. दिट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने १९३७ साली अशा निष्फळ कृपेला स्वस्त कृपा म्हटले. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ साली त्याला फाशी देण्यात आले. कृपा स्वस्त नाही हे सांगण्याचा अधिकार त्याने भरपूर किंमत देऊन मिळविला होता.

राजाने माफी का फिरवली, तेही आता उलगडते. तो सेवक फेडू शकला नाही म्हणून राजा रागावला नाही. ज्याला सहा कोटी सोडले त्याच्या मुठीत सोबत्याची मानगूट होती, म्हणून रागावला. घट्ट वळलेल्या मुठीत कोणी काही ठेवू शकत नाही. क्षमा घेण्याचा हात आणि क्षमा देण्याचा हात एकच आहे. तो उघडला तर दोन्हीकडे उघडतो.

बंधुभगिनींनो, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी आपली श्रद्धा असो वा नसो, येथून जाताना दोन प्रश्न आपण बरोबर न्यावे अशी आमची विनंती आहे. आपल्या घरातील जुन्या पेटीत कोणाकोणाची खते पडून आहेत? भावकीतला बांधाचा तंटा, लग्नातला मानापमान, वीस वर्षांमागे कोणी बोललेला एखादा शब्द. त्यांतील जी आपली स्वतःची आहेत तेवढी बुडविण्यास आपला घोडाझरी तलाव पुरेसा खोल आहे. आणि दुसरा प्रश्न, कोणाची बांधी आपल्या कुंपणात राहिली आहे? ती मात्र तलावात बुडवून चालणार नाही. ती उद्या सकाळी उठून परत करावी लागेल.